कमरेचं हत्यार, मातीतली झटापट



विषय काय देता, असं संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज आला, "काका, वसंत व्याख्यानमाला आहे. लोक सहकुटुंब येतात." आपण सहकुटुंब आलात, आभारी आहे. पहिल्या रांगेत दोन नातवंडं दिसतायत. त्यांना आधीच सांगून ठेवतो, आज गोळीबार कमी आहे आणि कुस्ती जास्त.

मी पोलीस कधीच नव्हतो. आयुष्यभर जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली, आणि त्याआधी, अंगात रग होती तोवर, आखाड्याची माती अंगाला लावली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं बरीच वर्षं मला वाटलं नव्हतं. तो एका उलटतपासणीत कळला.

प्रकरण साधं होतं. रात्रीची गस्त, अरुंद गल्ली, एक दारू प्यालेला दांडगा माणूस आणि एक आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई. आपल्या इंदूरच्या पोलिसी हिंदीत एक फार छान शब्द आहे, 'झूमाझटकी'. मराठी 'झटापट' त्याच्यापुढे फिकी वाटते. झूमाझटकीत दोघे खाली पडले आणि आरोपीने शासकीय रिव्हॉल्व्हर हिसकावण्याचा प्रयत्न केला, असं फिर्यादीत होतं. मी आरोपीचा वकील. मी त्या आरक्षकाला विचारलं, "तुम्ही खाली पडलात तेव्हा तुमचा उजवा हात कुठे होता?" तो गोंधळला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "साहब, ज़मीन पर तो सब हाथ एक जैसे लगते हैं."

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो, आणि ते वाक्य माझ्या अशिलाच्या कामी आलं. पण रात्री झोप लागेना. कारण तो खरं बोलत होता. मातीत लोळण घेतलेल्या कोणालाही विचारा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांनंतर आपला हात कुठला आणि समोरच्याचा कुठला, हे कळण्यासाठी वेगळी तालीम लागते. ती त्याला कोणी दिलीच नव्हती.

आता गंमत बघा. बंदूक शिकायची तर देशात इंदूरसारखं गाव नाही. बिजासन टेकरीच्या अंगाला सीमा सुरक्षा दलाचं सीएसडब्ल्यूटी आहे, म्हणजे शस्त्रं आणि डावपेच शिकवणारं केंद्रीय विद्यालय. त्यांचा गोळीबाराचा सराव रेवती रेंजवर. ही तीच रेवती रेंज, जिथे २०२४ च्या जुलैत एका दिवसात अकरा लाखांवर झाडं लावली म्हणून आपण पेढे वाटले. गावात राज्याचं पोलीस ट्रेनिंग कॉलेज आहे, सशस्त्र पोलिसांचं आरएपीटीसी आहे. त्या आरएपीटीसीला नाव आहे के. एफ. रुस्तमजींचं. जन्म नागपूरशेजारच्या कामठीचा, पुढे मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख, आणि १९६५ साली सीमा सुरक्षा दल उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख. आणि पंचवीस किलोमीटरवर महू. तिथल्या सैन्याच्या नेमबाजी तुकडीत तयार झालेल्या सुभेदार विजय कुमारांनी २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक आणलं.

त्या स्पर्धेत नेम साधायचा असतो पंचवीस मीटरवर. माझ्या त्या आरक्षकाला अंतर मिळालं होतं वीतभर.

पंचवीस मीटरवर पिस्तूल हे पिस्तूल असतं. वीतभर अंतरावर ती एक वस्तू होते, जिच्यावर दोघांचा सारखाच हक्क असतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली मोजून दाखवलं होतं, की धावत येणारा माणूस एकवीस फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो, आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला तरबेज माणसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हे एकवीस फुटांचं झालं. आपली पोलीस चौकी, कोर्टाचा व्हरांडा, कैद्यांची गाडी, जत्रेतली गर्दी, यांतल्या कुठल्या ठिकाणी पोलीस आणि समोरचा माणूस यांच्यात एकवीस फूट असतात? आपल्याकडे अंतर ही चैनीची गोष्ट आहे.

म्हणून खरा प्रश्न हत्यार चालवण्याचा नसून ते राखण्याचा आहे. नवल म्हणजे तो प्रश्न जगातही उशिरा सुचला. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलीस अकादमीत जिम लिंडेल नावाचे शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक होते. १९७० च्या दशकात त्यांनी पहिल्यांदा याची शिस्तशीर शिकवण बसवली. तोपर्यंत पोलीस आपल्याच हत्याराने मारले जात होते आणि खाती त्यांना आणखी चांगला नेम शिकवत होती.

आता आखाड्याकडे येतो. कुस्ती येणारा पोलीस या बाबतीत आपोआप तरबेज असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. आपल्या इंदूरला कुस्तीचा अभिमान आहे. आमिर खानला 'दंगल'साठी डाव शिकवणारे कृपाशंकर बिश्नोई इथलेच. पण या एका कामात कुस्ती माणसाला बुडवते, आणि का बुडवते ते नीट सांगितलं पाहिजे.

मातीच्या कुस्तीत हार कशाने होते? पाठ लागली की. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मुलाच्या हाडात एक गोष्ट मुरवली जाते, काहीही होवो, पाठ लागू द्यायची नाही. खाली गेलास तर पालथा हो, पोट मातीला चिकटव, कोपरं आत घे. वरचा मग सवारी भरेल, घिस्सा मारेल, मोळी बांधायला बघेल. करू दे. तू पालथा आहेस तोवर हरलेला नाहीस. आमच्या वस्तादांनी कित्येक संध्याकाळी मला नुसतं पालथं पाडून वर दोन-दोन जण बसवले आहेत.

आता त्याच पालथ्या पहिलवानाच्या उजव्या कमरेला पिस्तूल लावा.

वरच्याचे दोन्ही हात मोकळे. खालच्याला मागचं काही दिसत नाही. उजवी कंबर उघडी, होल्स्टर वर आणि वरच्याच्या मांडीपाशी. खालच्याचे हात छातीखाली अडकलेले, ते मागे न्यायचे तर कोपर उचलावं लागतं, आणि कोपर उचललं की पहिलवानाला शिकवलेलं सगळं मोडतं. आखाड्यात ज्याला आपण सर्वांत सुरक्षित म्हणतो, ती पोलिसाची सर्वांत वाईट अवस्था असते. उलट पाठ जमिनीला, तोंड समोरच्याकडे, गुडघे छातीशी आणि दोघांच्या मध्ये आपले पाय, हे ध्यान आखाड्यात दिसलं तर वस्ताद काठी घेऊन धावतील. पण पोलिसाला तिथून समोरच्याचे दोन्ही हात दिसतात, पायांनी त्याला लांब ठेवता येतं, आणि एक हात कमरेवर ठेवूनही दुसरा वापरता येतो.

हे पाठीवरून लढणं जगाने शिकलं जपानी ज्यूदोतून, पण फार फिरून. मित्सुयो माएदा नावाचा ज्यूदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. तिथे ग्रेसी नावाच्या घराण्यातल्या पोरांनी त्याच्याकडून ही विद्या घेतली आणि तिच्यातली जमिनीवरची बाजू वाढवत नेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एक बेधडक स्पर्धा झाली. त्यात होयस ग्रेसी नावाच्या किडकिडीत पोराने आपल्याहून दांडग्या तिघांना खाली घेऊन एकेकाकडून हार कबूल करवली, तेव्हा जगभरच्या पोलीस प्रशिक्षकांचे डोळे उघडले. त्यानंतर पोलिसांसाठी जमिनीवरच्या झटापटीचे अभ्यासक्रम निघाले. हे मी कौतुकाने सांगतो आहे, पण एक खोच आहे. ग्रेसींच्या खेळात कोणाच्या कमरेला काही नसतं. दोन्ही हात गळपट्टीला किंवा मनगटाला गुंतवायची मुभा असते. पोलिसाला तीही नाही. तो दीड हाताने लढतो.

ही शिकवण प्रत्यक्षात कशी दिसते? एका प्रशिक्षण मैदानावर मला पाहायला मिळालं. नाव सांगत नाही, उगीच कोणाला स्पष्टीकरणं द्यावी लागतील. मैदानात येण्यापूर्वी प्रत्येकाची झडती घेतली. खरं हत्यार किंवा खरी गोळी कोणाच्याही अंगावर नको म्हणून उस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, स्वतः तपासलं आणि मग एकमेकांना तपासायला लावलं. मग निळी पिस्तुलं वाटली, टणक प्लास्टिकची. आकार खऱ्यासारखा, आत काही नाही. निळी का, तर खऱ्याशी कधी गल्लत होऊ नये म्हणून.

पहिला अर्धा तास कोणी पडलंच नाही. नुसतं उभं राहणं. हत्याराची बाजू मागे, दुसरा खांदा समोरच्याकडे, बोलताना हात छातीच्या उंचीवर. उस्ताद म्हणाले, निम्मी लढाई इथेच संपते. मग कोणी होल्स्टरला हात घातला तर काय, ते. इथे माणसाची उपजत बुद्धी हमखास चुकते. तिला वाटतं, तो काढतोय तर आपण आधी काढू. आपणच ओढलं की होल्स्टरचा आधार सुटतो आणि पिस्तूल दोघांच्या मध्ये हवेत येतं. शिकवतात ते उलट. त्याच्या हातावर आपला हात, पिस्तूल खाली, जागच्या जागी दाबून धरायचं, कोपर बरगडीला, कंबर खाली घ्यायची आणि सगळं अंग फिरवायचं. ताकद मनगटाची नको, कमरेची. हे ऐकताना मला आमचे वस्तादच आठवले. शब्द अगदी तेच.

मग जमीन. पडताना हनुवटी छातीला, पाय त्याच्याकडे. एक हात कमरेवर, तो हात त्या दिवसापुरता लढाईतून वजा. उरलेला एक हात आणि दोन पाय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उठणं. पहिलवानाला समोरच्याला खाली ठेवायचं असतं, एकट्या पोलिसाला स्वतः उठायचं असतं. जिंकायचं नाही, उठायचं. एक पाय दुमडून, एक हात टेकून, नजर समोरच्यावरच ठेवून मागे सरकत उठायचं. दिसायला सोपं. पोरापोरींनी ते साठ-सत्तर वेळा केलं तेव्हा सगळ्यांची तोंडं लाल झाली होती. ऑलिम्पिक कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीनचे दोन डाव आणि मध्ये विश्रांती. त्यासाठी पहिलवान वर्षानुवर्षं दूध-बदाम खातो. आपला आरक्षक चौदा तासांच्या बंदोबस्तानंतर चहा-पोह्यांवर उतरतो.

साथीदार असले की हिशेब बदलतो. मग एकाने जवळ जायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाहायचं. चार जण एकदम माणसावर पडले की चार होल्स्टर त्याच्या हाताच्या टप्प्यात येतात, हे एरवी लक्षातही येत नाही. तुरुंगवाल्यांना मात्र ही अक्कल फार जुनी. कैद्यांत वावरणाऱ्या शिपायाच्या हातात काठी असते, बंदूक भिंतीवर किंवा दारावर. हत्यार राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते जवळ न नेणं.

हत्याराला बांधून ठेवण्याची युक्तीही जुनीच. इंग्रजांच्या काळच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीला खाली एक कडी असायची. त्यातून दोरी निघून खांद्याला किंवा पट्ट्याला जायची. आपल्याकडे त्या दोरीला आता शिट्टी लटकते आणि ती गणवेशाची शोभा झाली आहे. जपानी पोलिसाचं रिव्हॉल्व्हर आजही दोरीने बांधलेलं असतं. त्याला ज्यूदो किंवा केंदो शिकावंच लागतं, आणि गोळी झाडण्याची वेळ त्याच्यावर फारच क्वचित येते. काश्मिरात जवानांच्या रायफली हिसकावण्याचे प्रकार वाढले तेव्हा रायफल साखळीने कमरेला बांधायची पद्धत आली. साखळीने रायफल जात नाही हे खरं. पण रायफलीला माणूसही बांधला जातो. लांब हत्यार ही झटापटीत फार वाईट गोष्ट. दोन्ही टोकांना धरायला जागा असते, आणि गळ्यात पट्टा असेल तर तो फासासारखा वापरता येतो. परदेशात बिल रॉजर्स नावाच्या एफबीआयमधून बाहेर पडलेल्या माणसाने असे होल्स्टर बनवले, की पिस्तूल निघण्यासाठी अंगठ्याने आणि मनगटाने एकापाठोपाठ एक ठरावीक हालचाली कराव्या लागतात. मालकाला सवयीने जमतं, समोरून ओढणाऱ्याला नाही. आपल्याकडे एका बटणाचं कातडी कव्हर अजून पुष्कळांच्या कमरेला दिसतं. पाऊस लागला की ते बटणही बसत नाही.

इथे मला तुकाराम ओंबळे यांचं नाव घ्यायचं आहे. साताऱ्याच्या केडंबे गावचा माणूस, आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. दहशतवादी कसाबने एके-४७ वर काढली तेव्हा त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या पोटात जात असताना सोडली नाही. मागच्या सहकाऱ्यांना जी काही सेकंदं मिळाली, त्यांत कसाब जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपण त्याला शौर्य म्हणतो, आणि आहेच. पण मी आणखी एक म्हणतो. वीतभर अंतरावर हत्याराचा मालक कोण, हे ते कोणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. नळीचं तोंड कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरतं. हे त्या माणसाच्या हातांना ठाऊक होतं.

आता वकिलाच्या मूळ दुखण्याकडे येतो.

"आरोपीने पोलिसाचे हत्यार हिसकावले." हे वाक्य आपल्या देशात किती ठिकाणी वाचायला मिळतं! ९ जुलै २०२० ला उज्जैनच्या महाकाल मंदिरात कानपूरचा गुंड विकास दुबे पकडला गेला, इथून तासाभराच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी कानपूरजवळ गाडी उलटली, त्याने जखमी पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं आणि तो मारला गेला, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती चौहान आयोगाला पोलिसांविरुद्ध पुरावा मिळाला नाही. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी मारले गेले. तिथेही हत्यारं हिसकावल्याचं सांगण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला, अध्यक्ष आपले विदर्भातले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. त्यांच्या आयोगाला ते हिसकावण्याचं कथन विश्वास ठेवण्याजोगं वाटलं नाही. आणि बदलापूरच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला, पुन्हा त्याच वाक्यासह. मुंबई उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारलं, की गाडीत इतके पोलीस असताना एकाला आवरता कसं आलं नाही, आणि पिस्तूल चालवणं हे सराव नसलेल्या कोणालाही जमतं का. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानेही पोलिसांच्या कथनावर शंका घेतली. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही. एवढंच नोंदवतो, की चकमकींच्या चौकशीचे सोळा नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले तो दिवस २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षं आधीचा.

या सगळ्या ठिकाणी वाद एकाच वाक्यावर येऊन ठेपतो आणि ते वाक्य मोजायला आपल्याकडे माप नसतं. पोलिसावर विश्वास असेल तर ते खरं, नसेल तर खोटं. मला विचाराल तर माप प्रशिक्षणातून मिळेल. होल्स्टर कुठलं होतं, त्याचे बंद किती? दोरी होती का? आरोपी हत्याराच्या बाजूला बसवला होता की दुसऱ्या? कोण जवळ होतं आणि कोण लांब? आरक्षकाने जमिनीवरचा सराव शेवटचा कधी केला, आणि त्याची नोंद कुठे आहे? हे शिकवलेलं असेल तर न्यायाधीशाला विचारता येतं, की शिकवलं ते का केलं नाही. शिकवलंच नसेल तर "हिसकावलं" या शब्दाला काही उंची-रुंदीच राहत नाही. तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. कधी त्याने खोटी चकमक झाकली जाते. आणि कधी, हे मी आरोपीचा वकील असून सांगतो, गल्लीत खरोखर जिवासाठी झगडलेल्या आरक्षकावर कोर्टात लोक हसतात.

त्या दिवशी मैदानावर मी एकटा गेलो नव्हतो. आमच्या आखाड्यातला माझा जोडीदार बरोबर होता. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले, कान अजून पहिलवानाचे. उस्तादांनी गमतीने त्याला विचारलं, "पहिलवान, येता का?" तो लगेच तयार. कमरेला निळं पिस्तूल लावून एका तरुण महिला आरक्षकापुढे उभा राहिला. तिने त्याला पाडला, आणि हा पन्नास वर्षांच्या सवयीने क्षणात पालथा. दुसऱ्या क्षणी त्याचं निळं पिस्तूल तिच्या हातात होतं.

उस्ताद म्हणाले, "बाबूजी, पीठ के बल." याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदाही पालथा. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, पाठ लावायची म्हणजे काय!" मग एक हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून, तो सावकाश उताणा झाला. पाठीला माती लागली तसा दचकला. पण पिस्तुलावरचा हात हलला नाही.